माळ म्हणजे न पेरलेले पीक

घरातला सातबारा काढून पाहा. लागवडीच्या क्षेत्राखाली 'पोटखराबा' म्हणून एक आकडा असतो. गावाच्या नकाशावर त्याचीच थोरली बहीण असते, तिला आपण गायरान म्हणतो. कागदावर या दोन्ही जागा 'पडीक'. आम्ही शेती खात्याची माणसेही हाच शब्द वापरत आलो. तीस वर्षे गावोगाव हिंडल्यावर आता मला वाटते, की या एका शब्दाने आपले फार नुकसान केले. ज्याला आपण पडीक म्हणतो ते एक उभे पीक आहे. ते आपण पेरत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही, इतकेच.

हे नुसते बोलून पटणार नाही. त्यासाठी माझ्याबरोबर पडेगावच्या माळावर चला. दिवस आश्विनातले, सकाळची वेळ. पायात जुना जोडा घाला आणि कुसळे लागतील याची तयारी ठेवा.

अगोदर एक खुलासा करतो, कारण ऊसवाले वाचक हमखास घोटाळा करतात. उसाचे संशोधन केंद्र आहे ते सातारा जिल्ह्यातले पाडेगाव. आपले हे पडेगाव छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे निघाले, की छावणी ओलांडल्यावर लागते. पुढे मिटमिटा, मग शरणापूर. पडेगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि माळावर जागोजागी प्लॉटचे दगड उभे राहिले आहेत. पण मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र अजून इथेच आहे. मेंढरू आणि माळ यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचे नवल वाटणार नाही.

आता उभे राहा आणि नजर फिरवा. डोंगर कसे दिसतात? माथा सपाट, जणू करवतीने कापलेला. अंगाला आडव्या पायऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून तप्त रस उसळला. तो पसरला, निवला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढून आपला दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. कठीण थर टिकला त्याचा माथा झाला, मऊ थर झिजला त्याची उतरण झाली. देवगिरीचा सुटा डोंगर याच दगडाचा, आणि वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले तेही याच दगडात. यादवांच्या किल्ल्याचा ताशीव कडा मात्र माणसांनी तासलेला आहे, तो निसर्गाचा समजू नका.

या पायऱ्यांवरच आपली सारी शेती ठरते. दगड झिजून झालेली माती पावसाबरोबर खाली उतरली, ती नदीकाठी काळी होऊन साठली. वरच्या पायरीवर राहिला मुरूम आणि त्यावर वीतभर, कुठे चार बोटेच माती. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वारा आणि ऊन. अशा जागी दाट रान उभे राहत नाही. बोर, हिवर, खैर, पळस, सीताफळ अशी झाडे अंतराअंतराने उभी राहतात आणि मधली सारी जागा गवत धरते. गवताचे निम्म्याहून अधिक अंग जमिनीखाली असते. त्याची केसासारखी मुळे मुरमाच्या फटीफटीत शिरतात. दरवर्षी त्यांतली काही मरतात, कुजतात आणि त्यांची माती होते. ही चार बोटे माती गवतानेच केली आहे आणि गवतानेच धरून ठेवली आहे.

काही शहाणी माणसे म्हणतात, की पूर्वी इथे घनदाट जंगल होते, माणसाने तोडले म्हणून माळ झाला. कुठे तसे झालेही असेल. पण सगळ्या माळांना ते लागू नाही. दिग्विजय पाटील, आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि ओव्यांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून २०२५ साली दाखवून दिले, की पश्चिम महाराष्ट्रातला माळ निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेच्या नावाने जे तरटीचे झाड दाखवतात, ते वारकरी वाचकांनी पाहिले असेल. तरटी ही माळावरची काटेरी वनस्पती आहे, घनदाट जंगलातली नव्हे.

गवत ओळखा, माळाची तब्येत कळेल

आता खाली बसा. उभ्याने पाहिले तर सगळे गवत सारखेच दिसते. वैद्य जशी नाडी पाहतो, तसा माळ गवतावरून पाहायचा असतो.

जिथे शेडा, पवन्या आणि मारवेल दिसेल तो माळ निरोगी समजा. मारवेलीच्या तुऱ्याला बोटांसारखे फाटे असतात आणि कांडीच्या पेराला बारीक पांढरी लव असते. जनावर तिच्यावर तुटून पडते. डॉ. दाबडघाव आणि डॉ. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आपल्या दख्खनच्या पठाराला या शेडा-मारवेलीच्या वर्गातच घातले आहे. म्हणजे आपल्या माळाचे मूळ पीक हेच.

चराई वाढली, की जनावर गोड गवत आधी संपवते. त्याला बी धरू देत नाही. मग जागा मोकळी होते आणि कुसळी पुढे सरकते. कुसळी वाईट नव्हे. कोवळी असताना जनावरे ती आवडीने खातात. पण फुलोऱ्यानंतर तिचे जे काळेभोर कुसळ तयार होते, त्याची करामत एकदा पाहण्यासारखी आहे. एक कुसळ घ्या, तळहातावर ठेवा आणि जिभेने ओले केलेले बोट त्याला लावा. ते आपोआप गरगर फिरू लागेल. दव पडले की कुसळाचा पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो. या फिरण्याने त्याचे टोकदार बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. बियाणे स्वतःच स्वतःला पेरते! आमच्या तिफणीला हे जमलेले नाही. पण तेच गिरमीट मेंढीच्या लोकरीतून कातड्यात शिरते, शेळीच्या ओठाला जखमा करते. म्हणून कुसळीचे गवत कापायचे ते कुसळ धरण्यापूर्वी. आश्विन संपत आला आणि माळ दुरून तांबूस-काळा दिसू लागला, म्हणजे तुम्हाला उशीर झाला.

दरसाल माळ पेटवून देणारे काही जण असतात. पुढच्या वर्षी गवत जोमाने येते असे ते सांगतात. येते खरे, पण कोणते ते पाहा. कुसळीचे बी जमिनीत खोल शिरलेले असते, त्याला आगीची फारशी झळ लागत नाही. वरचेवर जाळलेल्या माळावर कुसळीचेच राज्य होते.

कुसळीही गेली, तर तारेसारखे बारीक, पांढुरके, तीन फाट्यांच्या कुसळाचे गवत येते. त्याला जनावर फारसे तोंड लावत नाही. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे तरवड, टाकळा, घाणेरी आणि गाजरगवत. तरवडीची पिवळी फुले दिसायला देखणी, पण गाय-बैल तिला शिवत नाहीत. माळ तरवडीने पिवळा झाला, की समजावे गवताचे दिवाळे निघाले. गाजरगवत तर १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आले आणि आज त्याच्याशिवाय गाव नाही.

गवताच्या मधून रानमूग आणि अशाच शेंगा धरणाऱ्या रानवेली पसरलेल्या दिसतील. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीला देतात. गवतात यांचे मिश्रण असेल तर चाऱ्याला कस येतो. एखाद्या बोरीच्या आधाराने खरपुडीचा नाजूक वेल चढलेला असेल, कंदिलासारखे फूल येणारा. गुराखी पोरे त्याचे कंद खणून खातात. पोरांनो, खा, पण दोन ठेवून एक खणा. ही जात आता दुर्मिळ होत चालली आहे.

माझी चूक

आता माझीच एक गोष्ट सांगतो. १९९५ च्या सुमाराची. नोकरी नवी, परभणीची पदवी नवी, अंगात जोम. एका गावी एका शेतकऱ्याचा दोन एकर उताराचा माळ होता. मी त्याला म्हटले, "पडीक कशाला ठेवता? नांगरा आणि बाजरी घाला." शेजारी एक म्हातारे धनगर बाबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. ते म्हणाले, "सायब, पडीक कुठं हाय हे? माळाला उन्हाळ्यात झोप लागती. झोपल्याला मेला म्हणत नसतेत."

मी हसलो. शेतकऱ्याने माझे ऐकले. पहिल्या वर्षी बाजरी झकास आली. मला फुशारकी वाटली. ती बाजरी गवताच्या शेकडो वर्षांच्या शिलकीवर आली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या वर्षी निम्मी. तिसऱ्या वर्षी एका रात्रीत मोठा पाऊस झाला आणि सकाळी सगळी माती खालच्या नाल्यात गेलेली होती. वर मुरूम उघडा पडला. पुढे त्या तुकड्यावर ना बाजरी आली ना गवत, आली ती तरवड. त्या शेतकऱ्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र त्या वाटेने जाताना अजून दुसरीकडे बघतो.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडले. तिकडे मध्यभागी आपल्या कित्येक राज्यांएवढा गवताळ प्रदेश होता, त्याला ते प्रेअरी म्हणतात. पूर्वेकडच्या भागात गवत पुरुषभर उंच आणि त्याची मुळे दहा-दहा फूट खोल. मुळांच्या जाळ्यात साध्या नांगराचा फाळ अडकत असे. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि ते रान उलथायला सुरुवात झाली. त्या उंच गवताचे आज शंभर एकरांतले चार-पाच एकरही शिल्लक नाहीत. तरी तिथली माती खोल आणि काळी, म्हणून मक्याने साथ दिली. पश्चिमेकडचा भाग मात्र आपल्यासारखा कमी पावसाचा. तोही लोकांनी गव्हासाठी फोडला. १९३० नंतर काही वर्षे दुष्काळ पडला, आणि उघडी माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी तर धुळीची भिंतच्या भिंत चालून आली आणि भर दिवसा अंधार झाला. हजारो कुटुंबे घरदार सोडून निघाली. त्याच साली तिथल्या सरकारने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले.

गंमत अशी, की तिथले ते उंच गवत आणि आपली मारवेल, शेडा, कुसळी ही एकाच भावकीतली. ज्वारी, ऊस आणि मकासुद्धा त्याच भावकीतले. आपण ज्वारीच्या ताटाला लक्ष्मी म्हणतो आणि तिच्या चुलत बहिणीला पडीक.

माळाचे रहिवासी

माळावर प्राणी नाहीत असे वाटते, कारण ते मातीच्या रंगाचे असतात. पायाशी दगड आहे म्हणून पुढे व्हावे, तर तो चंडोल निघतो आणि गात गात सरळ आभाळात चढतो. माळटिटवी, धाविक, लावा, तित्तर, पखुर्डी हे सारे जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असे जुनी माणसे सांगतात. मी काही वर्षे ध्यान देऊन पाहिले, मला तरी ताळा जमला नाही. पण त्या निमित्ताने माणसे टिटवीचे घरटे जपतात, तेवढा फायदा आहेच.

थंडीच्या तोंडावर जमिनीलगत, पंख वर धरून तरंगत फिरणारा एक शिकारी पक्षी दिसेल. त्याला भोवत्या म्हणतात, कोणी हारिण म्हणतात. तो कझाकस्तानसारख्या लांबच्या गवताळ मुलखातून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतो. त्याचे इथले मोठे खाणे म्हणजे नाकतोडे आणि उंदीर. रब्बी ज्वारी आणि हरभरा वाढत असतो त्याच महिन्यांत हा फुकटचा राखणदार बांधाबांधाने फिरतो. त्याला झोपायला गवत ठेवले नाही, तर तो थांबेल कशाला? खोकडही तसेच. लोक त्याला कोल्ह्याचे पिल्लू समजून दगड मारतात. त्याचे पोट उंदीर, किडे आणि बोरांवर भरते.

काळवीट पडेगावला दिसेल असे मी सांगणार नाही. त्यासाठी वैजापूरच्या बाजूला जा, किंवा तिथून पुढे येवला तालुक्यातल्या ममदापूरला. तिथले रान २०१४ साली काळविटांसाठी राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाले. काळविटांचा पिकाला उपद्रव होतो हे मला मान्य आहे. ज्याची कोवळी तूर रात्रीत खाल्ली जाते त्याला काळविटाचे कौतुक सांगू नये, नुकसानीच्या अर्जाचा नमुना द्यावा. पण माळ फोडला म्हणून ते शिवारात आले, हेही तितकेच खरे.

माळढोकाची गोष्ट तर संपत आल्यासारखीच. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजच्या परिसरात अभयारण्य झाले. मोराएवढा, माणसाच्या कमरेला लागेल असा हा पक्षी मादीमागे सहसा एकच अंडे घालतो, तेही उघड्या माळावर. आता साऱ्या देशात तो दीडशेच्या आसपास उरला आहे, बहुतेक राजस्थानात. विजेच्या तारांना धडकून मरतो हे अलीकडचे मोठे कारण, पण त्याचा माळ गेला हे त्याआधीचे.

लांडग्याबद्दल धनगरांना विचारा. तो करडू नेतो, धनगर शिव्या देतात, पण विष घालणारे त्यांच्यात थोडे. एकाने मला सांगितले, "त्येचा बी वाटा असतो सायब." इतके मोठे मन मला जमले नसते. याच धनगरांची मेंढरे आपण शेतात बसवतो, त्या लेंडीखतावर ज्वारी घेतो. त्या खतात माळाचे गवतच आपल्या शेतात येते, हे विसरून चालणार नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, उताराचा मुरमाड माळ नांगरू नका. दुसरी, झाडे लावण्याच्या उत्साहात भर गवतात खड्डे खणू नका. झाडे हवीतच, पण ती नाल्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला, वस्तीजवळ. चांगल्या मारवेलीत ग्लिरिसिडिया लावणे म्हणजे उभ्या पिकात दुसरे पीक पेरणे.

तिसरी गोष्ट राखणीची. गायरानाचे चार तुकडे पाडा. दरवर्षी एक तुकडा जूनपासून बी पडेपर्यंत चराईला पूर्ण बंद. उरलेल्या तीन तुकड्यांत जनावरे फिरती ठेवा. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा विश्रांती मिळते. गवत कापायचे ते फुलोऱ्यावर, विळ्याने, जमिनीपासून चार बोटे ठेवून. नंतर कापलेले गवत म्हणजे नुसता कडबा, सत्त्व बियांबरोबर गेलेले असते. मात्र मध्ये मध्ये पट्टे न कापता सोडा, बियांसाठी आणि पाखरांसाठी. जिथे मूळ गवत पार गेले आहे, तिथे पहिल्या पावसानंतर मारवेल-८ ची ठोंबे किंवा बी लावता येते. कृषी विद्यापीठात चौकशी करा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी करून विळ्याने गवत नेण्याची रीत बसवली. तिथे चारा वाढला आणि चाऱ्यामागून दूधही वाढले. गायरानावर अतिक्रमण असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल ग्रामसेवकांना दाखवा. गावाची सामाईक जमीन मोकळी करावी असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

हे सगळे कागदावर सोपे आहे. आमच्याच भागातल्या एका गावाने, नाव सांगत नाही, तीन वर्षांपूर्वी गायरानाचे असे चार तुकडे केले. ग्रामसभेत पहिला आवाज बायांचा उठला. त्यांचे म्हणणे, ज्यांच्याकडे जमीन नाही आणि दोनच शेळ्या आहेत, त्यांनी बंद तुकड्याच्या काळात जायचे कुठे? प्रश्न रास्त होता, माझ्या टिपणात तो नव्हता. शेवटी ठरले, की बंद तुकड्यातले फुलोऱ्याचे गवत कापण्याचा पहिला मान भूमिहीन घरांना. प्रत्येक घराला एक विळा, दिवस ठरलेला. पहिल्या वर्षी भारे थोडेच निघाले. दुसऱ्या वर्षी एक आजीबाई गवताची एक काडी घेऊन माझ्याकडे आल्या, पेराला पांढरी लव होती. त्यांनी विचारले, "ही मारवेलच ना रे बाबा? लग्न होऊन आले तवा बघितली व्हती."

यंदा जूनमध्ये चौथा तुकडा बंद व्हायचा आहे. त्यातून गावाची जुनी पाणंद जाते आणि ती उघडी ठेवायची की नाही, यावर अजून भांडण चालू आहे. पुढच्या सोमवारी बैठक आहे, मला बोलावले आहे.